वकील निवडायचा तो आंदोलनाच्या आधी

जिल्हा मेळाव्यात सगळे हिशेब मांडले जातात. वर्गणी किती जमली, बिल्ले किती गेले, कोणत्या तालुक्यातून किती गाड्या आल्या. एक हिशेब मात्र कधी मांडला जात नाही, तो म्हणजे तारखांचा. रास्ता रोको दोन तासांत उठतो, त्याचा खटला वर्षानुवर्षे उठत नाही. समजा, एका खटल्यात ३० आरोपी आहेत, वर्षाला १० तारखा पडतात आणि खटला ५ वर्षे चालतो. म्हणजे १५०० दिवस झाले. हे दिवस नांगरटीतून, पेरणीतून, कापणीतून कापून निघाले. उत्पादनखर्चात शेतकऱ्याची स्वतःची मजुरी धरा असे आम्ही सरकारला ओरडून सांगतो, पण तारखेला गेलेल्या दिवसाची मजुरी आपली आपणच धरत नाही.

हा खर्च वाढवणे किंवा कमी करणे ज्याच्या हाती असते, तो माणूस म्हणजे वकील. आपण बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो. घरचे सोयाबीन असले तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि निदान ७० उगवले तरच पेरतो. एका हंगामाच्या पिकासाठी एवढी काळजी घेणारा शेतकरी, पाच वर्षांच्या खटल्याचा वकील मात्र पोलिस ठाण्याच्या पायरीवर पाच मिनिटांत ठरवतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वकील आंदोलनाच्या आधी निवडून ठेवावा. तो केवळ जामिनापुरता पाहू नये, खटला शेवटपर्यंत लढण्यासाठी पाहावा. आणि निवड ज्याच्यावर गुन्हा आहे त्या माणसाची असावी. संघटनेने मदत करावी, मालकी गाजवू नये.

आज वकील कसा ठरतो

पहिली तऱ्हा घरच्या वकिलाची. वाटपाचा दावा, फेरफाराचे अपील, रस्त्याची तहसीलदाराकडची तक्रार ज्याने चालवली, त्याच्याकडेच आपण फौजदारी कागदही घेऊन जातो. माणूस भला असतो, ओळखीचा असतो. पण दिवाणी आणि फौजदारी ही दोन वेगळी पिके आहेत. दिवाणीत कागद बोलतो, फौजदारीत साक्षीदार बोलतो. जमावाच्या खटल्यात सगळा निकाल बहुधा पोलिस साक्षीदारांच्या उलटतपासणीवर ठरतो. दहा वर्षे ज्याने सातबारा आणि खरेदीखतेच वाचली, त्याला फौजदाराला पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचारण्याची सवय नसते.

दुसरी तऱ्हा पुढाऱ्याने धाडलेल्या फुकटच्या वकिलाची. पुढारी गाडी पाठवतो, वकील पाठवतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. जामीन होतो. पुढच्या तारखेला वकील येत नाही, त्याचा ज्युनिअर येतो. त्याच्या पुढच्या तारखेला तोही येत नाही. निवडणूक झाली, पुढारी दुसऱ्या पक्षात गेला, तर वकिलाचा फोनसुद्धा लागत नाही. ज्याची फी दुसरा देतो, तो वकील नेमका कोणाचे ऐकेल, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरी तऱ्हा मोठ्या नावाची. जिल्ह्याच्या गावातला नामांकित वकील लाख रुपये घेऊन जामिनाच्या दिवशी उभा राहतो. जामीन मिळणे हे खटल्यातले पहिले पाणी आहे. त्यावर पीक येत नाही. तालुक्याच्या न्यायालयात महिन्यामागून महिने जी तारीख पडणार, तिथे हा मोठा वकील असणार नाही, आणि असला तर आपल्याला परवडणार नाही.

चौथी तऱ्हा पोलिस ठाण्याच्या दारात भेटणाऱ्या वकिलाची. "साहेबांशी बोलणे झाले आहे, एवढे द्यावे लागतील," असे जो म्हणतो, त्याला कितीही घाई असली तरी वकीलपत्र देऊ नका. असले पैसे कोणाला पोहोचले याची पावती नसते. आणि एकदा दिले की दर तारखेला मागितले जातात.

पहिल्या दिवशी काय माहीत हवे

वकील येईपर्यंतचे काही तास आपल्यालाच निभवायचे असतात. म्हणून चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हव्यात.

अटकेची कारणे सांगितली जाण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. घटनेचा शब्द 'पसंतीचा' असा आहे, तो ध्यानात ठेवा. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

ज्या गुन्ह्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथे सरसकट अटक करायची नाही, अटक का लागते याची कारणे लिहायची, नाही तर हजर राहण्याची नोटीस द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात बजावले. आंदोलनातली नेहमीची बहुतेक कलमे याच मर्यादेत बसतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही नोटीस ३५ व्या कलमात आहे. नोटीस आली तर ती फाडून टाकू नका. दिलेल्या दिवशी जा आणि गेल्याचा लेखी पुरावा ठेवा. नोटीस पाळली नाही, तर अटकेला कारण आपणच दिले असे होते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर सही करूच नये.

जामीनदार आपल्या माणसांतलाच असावा. सातबारा, ऐपतीचा दाखला, ओळखपत्र यांची तयारी आंदोलनाच्या आधी करून ठेवावी. न्यायालयाच्या आवारात फिरणारा भाडोत्री जामीनदार घेऊ नये. त्याचे कागद खोटे निघाले की नवा गुन्हा आपल्याच अंगावर येतो.

वकिलाची उगवणशक्ती

वकील कसा पारखावा? वकीलपत्रावर सही करण्याआधी अर्धा दिवस तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा. न्यायालय उघडे असते, कुणीही बसू शकतो. पुकारा झाल्यावर हा वकील हजर असतो का? साक्षीदार आलेला असताना तो साक्ष घेतो की पुढची तारीख मागतो? फिर्याद आणि पंचनामा वाचून आला आहे की तिथेच उभ्याने चाळतो आहे? तासाभरात कळते. जिल्हाभर चौकशी करून जे कळणार नाही, ते त्या बाकावर कळते.

मग समोरासमोर बसून विचारा. फौजदारी खटले निकालापर्यंत किती चालवले? तारखेला तुम्ही याल की ज्युनिअर? ज्या कारखान्याविरुद्ध, बँकेविरुद्ध किंवा बाजार समितीविरुद्ध आमचे आंदोलन आहे, तिचे काम तुमच्याकडे आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगला वकील या प्रश्नाने रागावत नाही.

कायद्याचे ज्ञान पारखायलाही एक सोपा प्रश्न आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात आज दोन्ही कायद्यांचे खटले शेजारी शेजारी चालू आहेत. सरकारी नोकराला कामात अडथळा करून मारहाण केली, हा आंदोलकांवर हमखास लागणारा आरोप. जुन्या संहितेत तो ३५३ कलमात होता. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून त्याची शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षांपर्यंत नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. केंद्राच्या नव्या संहितेत तोच गुन्हा १३२ कलमात आला, तो २ वर्षांपर्यंतच्या शिक्षेसह. तुमचे आंदोलन कोणत्या तारखेचे यावर कलम, शिक्षा आणि न्यायालय ठरते. हा फरक वकिलाने न विचारता सांगितला पाहिजे.

जमावाच्या खटल्यात आणखी दोन गोष्टी त्याला ठाऊक हव्यात. बेकायदा जमावातल्या एकाने केलेल्या कृत्यासाठी सगळ्यांना धरता येते, जर ते समान उद्दिष्टासाठी झाले असेल तर. म्हणून कोण कुठे उभा होता आणि कोणी काय केले, हे माणसागणिक सुटे करून घेणे हे बचावाचे खरे काम. मोठ्या जमावातल्या माणसाला शिक्षा देताना एकट्यादुकट्याच्या मोघम साक्षीवर विसंबू नये, दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एकसारखे सांगितलेले असावे, असा सावधगिरीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मसालती खटल्यात घालून दिला आहे. दुसरी गोष्ट चित्रणाची. आता प्रत्येक आंदोलनाचे पोलिस मोबाईलवर चित्रण करतात. असे चित्रण पुराव्यात आणायला साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र लागते. ते मागणारा वकील हवा. आणि आपल्या बाजूचे चित्रण असेल तर ते मूळ मोबाईलसह जपून ठेवायला सांगणाराही हवा.

फीबद्दल मोकळेपणी बोला. एकूण किती, जामिनाचे किती, दोषारोपाचे किती, साक्षी आणि युक्तिवादाचे किती, हे कागदावर घ्या, पावती घ्या. "सुटलात तरच द्या" किंवा "सोडवतोच, इतके द्या" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. आणि निकालाची हमी कोणी देऊच शकत नाही. पावसाची हमी देणारा आणि निकालाची हमी देणारा, दोघेही एकाच जातकुळीचे.

वकील बदलायची वेळ आली तर घाबरू नका. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. राहिलेल्या फीचा वाद वेगळा, कागद तुमचे.

आणि एक बाजू आपलीही आहे. वकिलापाशी खोटे बोलू नये. आपण त्याला जे सांगतो ते आपल्या संमतीवाचून उघड करायचे नाही, हे त्याच्यावर कायद्याचे बंधन आहे. दगड आपल्याच माणसाने मारला असेल तर तेही त्याला आधी कळू द्या. उलटतपासणीच्या भर मध्यात त्याला ते फौजदाराच्या तोंडून कळले, तर बचाव तिथेच कोसळतो.

सत्याग्रह्याला वकील कशाला?

आमच्यातलेच काही जुने सहकारी म्हणतात, आपण कायदा जाणूनबुजून मोडतो, शिक्षा हसत घ्यावी, वकील कशाला? या म्हणण्यात तेज आहे, ते झटकून टाकता येत नाही. गांधींनी १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात आरोप कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली.

पण गांधींनी कबूल केले ते स्वतः केलेले होते. त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलेले लेख त्यांच्यासमोर ठेवले गेले. आमच्या खटल्यांत असे नसते. रस्ता अडवला, हे आम्ही कबूल करू. जमादाराला मारले नसताना मारले म्हणून कबूल करणे हा सत्याग्रह नव्हे, ते असत्य झाले. आणि चंपारणला १९१७ साली गांधींनी वकिलांना हाकलून दिले नव्हते. ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद यांच्यासारख्या वकिलांना त्यांनी वकिलीचा तोरा बाजूला ठेवून निळीच्या रयतांच्या जबान्या लिहून घ्यायला बसवले. वकील कसा वापरावा हेच त्यांनी दाखवले.

या तात्त्विक कबुलीपेक्षा आज आम्हाला दुसऱ्या कबुलीची धास्ती जास्त वाटते. खटला रेंगाळतो, माणसे कंटाळतात, आणि मग कोणीतरी सल्ला देतो, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." दंड हजार-दोन हजारांचा असतो. तारखेपेक्षा स्वस्त वाटतो. पण गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषी ठरणे. तो शिक्का चारित्र्य पडताळणीत येतो, पासपोर्टच्या अर्जात येतो, पोलिसभरतीला उभ्या राहिलेल्या पोराच्या कागदात येतो. आंदोलनात विशीबाविशीची पोरे असतात. त्यांना हा दंड आयुष्यभर भरावा लागेल.

सत्तरीतल्या म्हाताऱ्याला तारखेचा त्रास सोसत नसेल आणि त्याने सगळे समजून दंड भरायचे ठरवले, तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. त्याआधी त्याच्या गैरहजेरीची परवानगी मागता येते, हे वकिलाने त्याला सांगितलेले असावे. पण तिसांच्या तिसांनी एका रांगेत उभे राहून कबुली द्यावी असे कुणी एकाने ठरवू नये, मग तो एक जण जिल्हाध्यक्ष का असेना. इथेच सगळ्यांचा एकच वकील असण्यातला धोका दिसतो. ज्यांच्यावर सारखी, हलकी कलमे आहेत त्यांना एक वकील पुरतो. पण ज्याच्यावर जबर आरोप आहे, किंवा ज्याचा बचाव 'मी तिथे नव्हतोच' असा आहे, त्याला वेगळा वकील मिळाला पाहिजे. एकाचा बचाव दुसऱ्याच्या गळ्याशी येतो तेव्हा एकाच वकिलाला दोघांशी इमान राखता येत नाही.

'खटले मागे घेऊ' याचा भरवसा

आंदोलन मिटवताना मंत्री सांगतात, खटले मागे घेऊ. टाळ्या पडतात. त्या दिवसापासून आपण तारखेला जाणे सोडतो, आणि मग एके पहाटे वॉरंट घेऊन पोलिस दारात येतात. मंत्र्याच्या तोंडच्या शब्दाने खटला मागे जात नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. जुन्या संहितेत हे ३२१ कलम होते, नव्या संहितेत ३६० आहे. आणि आरोपींत आजी किंवा माजी आमदार-खासदार असेल, तर त्याच्यावरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. पुढाऱ्याच्या नावाने आंदोलनाला बळ येते, पण खटला मागे घेण्याच्या वेळी त्याच नावापाशी गाडी अडते. म्हणून आदेशाची नक्कल हातात पडेपर्यंत वकील सोडू नये आणि तारीख चुकवू नये.

पैसे नाहीत म्हणून?

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, ही सबब आता राहिलेली नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. सर्व महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अटकेत असलेल्या कुणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. पुष्कळ जिल्ह्यांत फक्त बचावाचेच काम पाहणारे लोक अभिरक्षक कार्यालय सुरू झाले आहे. फोन क्रमांक १५१०० आहे. फुकटचा वकील म्हणजे कमअस्सल असे समजू नका. त्यालाही त्याच मागच्या बाकावरून पारखा.

मेळाव्यापुढे ठेवायचे ठराव

आम्ही या मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक तालुक्याने खरिपाच्या आत तीन-चार फौजदारी वकिलांची यादी करावी. दोघा कार्यकर्त्यांनी न्यायालयात बसून, पाहून ती करावी, शिफारशीवरून करू नये. यादीतून कोणाला घ्यायचे किंवा यादीबाहेरचा घ्यायचा, हे आरोपीने ठरवावे. दोन, तालुक्याला एक तारखांची वही असावी. तीत प्रत्येक खटल्याचा क्रमांक, कलमे, आरोपी, वकील आणि पुढची तारीख लिहावी. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की तारीख फुकट दिसते, हे काम शाळेतली मुलगीही करील. तीन, फिर्याद, नोटीस, दोषारोपपत्र आणि जामिनाचा आदेश यांच्या प्रती संघटनेकडेही असाव्यात, म्हणजे वकील बदलला तरी खटला उघडा पडणार नाही. चार, वर्गणीतला ठरावीक हिस्सा तारखेच्या भाड्यासाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब पुढच्या मेळाव्यात बाकीच्या हिशेबांबरोबर वाचावा.

यातल्या कोणत्याही कामाला सरकारची परवानगी लागत नाही. पहिले काम तर सोमवारी न्यायालय उघडले की सुरू करता येईल. जे दोघे जाणार असतील त्यांनी आपली नावे मेळाव्यातच लिहून द्यावीत.